फोन दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला किंवा चार्जरला लावण्याआधी

जुन्या, चपट्या यूएसबी पिनच्या तोंडात डोकावून बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील, कडेच्या दोन जरा लांब आणि मधल्या दोन आखूड. कडेच्या पट्ट्या विजेच्या आहेत, एक ५ व्होल्टची आणि एक ग्राउंडची. मधल्या दोन डेटाच्या. कडेच्या पट्ट्या मुद्दाम लांब ठेवल्या आहेत, म्हणजे पिन आत सरकताना आधी वीज जुळते, मग डेटा. टाइप-सी पिनमध्ये संपर्क २४ असतात, पण मुद्दा बदलत नाही. फोनला वीज ज्या वाटेने मिळते, त्याच वाटेने फोनमधलं सामान बाहेर जाऊ शकतं आणि बाहेरचं आत येऊ शकतं.

भिंतीतल्या यूएसबी पॉइंटमागे नुसता पाच व्होल्टचा सप्लाय आहे की छोटा कॉम्प्युटर बसवलाय, हे बाहेरून कळत नाही. २०११ साली लास व्हेगासच्या डेफ कॉन परिषदेत लोकांना दाखवण्यासाठी असा एक चार्जिंग खोका ठेवला होता. फोन लावला की त्याच्या पडद्यावर इशारा यायचा. चार्जिंगच्या आडून फोनमधला डेटा चोरण्याला ‘ज्यूस जॅकिंग’ हा शब्द तेव्हापासून रुळला. २०१३ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी चार्जरसारखा वापरता येणारा एक छोटा बोर्ड तयार केला आणि एका मिनिटाच्या आत आयफोनमध्ये बाहेरचं ॲप घालून दाखवलं. या धक्क्यांमुळे फोन बदलले. आयओएस ७ पासून आयफोन ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर?’ असं विचारू लागला आणि आयओएस ११ पासून त्या ‘ट्रस्ट’साठी पासकोडही टाकावा लागतो. अँड्रॉइड ६ पासून केबल लावली की फोन आधी फक्त चार्ज होतो, फाइली दिसायला तुम्हाला वेगळी परवानगी द्यावी लागते.

थोडक्यात, आजचा अद्ययावत फोन लॉक असेल आणि तुम्ही कशालाच ‘हो’ म्हटलं नसेल, तर पलीकडच्या यंत्राच्या हाती फारसं काही लागत नाही. नुकसान होतं ते ‘हो’ म्हटल्याने. आणि तो ‘हो’ केबल काढली तरी बरेचदा तसाच राहतो, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ च्या आर्थिक फसवणुकीवरच्या पुस्तिकेत ज्यूस जॅकिंगचा इशारा दिला आहे, तो योग्यच आहे. मात्र अमेरिकेच्या दूरसंपर्क आयोगाने (एफसीसी) असंही नोंदवलं आहे की हे तांत्रिकदृष्ट्या शक्य असलं तरी प्रत्यक्ष घडल्याची खात्रीलायक घटना त्यांच्या माहितीत नाही. म्हणून आमचा क्रम नेहमीच्या सल्ल्यापेक्षा वेगळा आहे. नागपुरात राहणाऱ्या माणसाला स्टेशनवरच्या चार्जिंग पॉइंटपेक्षा झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा, कॉलेजच्या लॅबचा आणि मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरचा धोका जास्त आहे. त्या ठिकाणी आपण आपल्या हाताने लॉक उघडून देतो.

आधी घरी बसून फोन नीट करा

यात दहा-पंधरा मिनिटं जातील. अँड्रॉइड असेल तर असं करा.

१. सेटिंग्जमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ (ॲप बनवणाऱ्यांसाठीचे पर्याय) शोधा. सापडलं नाही तर चांगलंच, ते बंद आहे. हा पर्याय ‘अबाउट फोन’मधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारल्याशिवाय उघडत नाही. तरीही अनेकांच्या फोनमध्ये तो उघडा असतो, कारण कधीतरी फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवायचा होता, कोणीतरी व्हिडिओ बघून काही ‘ट्रिक’ केली होती, किंवा दुरुस्तीवाल्याने सॉफ्टवेअर टाकताना चालू केला आणि तसाच सोडला.

२. तो उघडा असेल तर आत जाऊन ‘यूएसबी डीबगिंग’ (केबलमधून कॉम्प्युटरने फोनला आज्ञा द्यायची सोय) बंद करा. ‘वायरलेस डीबगिंग’ही बंद करा. मग ‘रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथरायझेशन्स’ दाबा. ही शेवटची पायरी सोडू नका. डीबगिंगची परवानगी मिळालेला कॉम्प्युटर तुम्हाला न विचारता ॲप टाकू शकतो, ॲपला परवानग्या देऊ शकतो, पडद्याचं रेकॉर्डिंग करू शकतो. डीबगिंग नुसतं बंद केलं आणि परवानग्यांची यादी तशीच ठेवली, तर पुढे कधी ते चालू झाल्यावर जुना कॉम्प्युटर न विचारता जोडला जाऊ शकतो. अँड्रॉइड ११ पासून सात दिवस न वापरलेली परवानगी आपोआप रद्द होते, पण त्याआधीच्या फोनांत ती हाताने काढेपर्यंत राहते.

३. शेवटी वरचा मुख्य स्विच बंद करून ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ पूर्ण मिटवून टाका.

४. सॅमसंगच्या वन यूआय ६ आणि पुढच्या आवृत्तीत ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’मध्ये ‘ऑटो ब्लॉकर’ आहे. तो चालू असला की केबलमधून येणाऱ्या आज्ञा अडवल्या जातात. अँड्रॉइड १६ मधल्या ‘ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन’मध्ये अशी सोय आहे की फोन लॉक असताना नवं काही जोडलं तर फक्त चार्जिंग होतं. तुमच्या फोनला ती मिळाली असेल तर जरूर चालू करा.

आयफोनवाल्यांचं काम थोडं कमी. ‘फेस आयडी अँड पासकोड’मध्ये खाली ‘ॲक्सेसरीज’ असा स्विच दिसला तर तो बंद असू द्या. तो बंद असेल तर फोन लॉक करून एक तास झाल्यावर केबलमधून डेटा जात नाही, फक्त वीज येते. ही सोय २०१८ च्या आयओएस ११.४.१ पासून आहे. अगदी नव्या आवृत्तीत हेच ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘वायर्ड ॲक्सेसरीज’ या नावाने सापडतं. तिथे दर वेळी विचारण्याचा पर्याय निवडा.

आजवर ज्या ज्या कॉम्प्युटरला ‘ट्रस्ट’ दिला असेल तो एकदाच पुसायचा असेल, तर ‘जनरल’ → ‘ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन’ → ‘रीसेट’ → ‘रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी’. नाव नीट वाचून दाबा, कारण त्याच यादीत दुसरेही रीसेट आहेत आणि सगळं पुसून टाकणारा पर्याय शेजारीच असतो. यानंतर नकाशे, टॅक्सी, खाद्यपदार्थ मागवायची ॲप्स लोकेशनची परवानगी नव्याने मागतील. घाबरू नका, ते अपेक्षितच आहे.

एवढं का? तुम्ही ‘ट्रस्ट’ म्हटलं की फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांना चाव्या देतात आणि कॉम्प्युटर आपली चावी फाइल म्हणून जपून ठेवतो. विंडोजवर ती ‘प्रोग्रॅमडेटा’ फोल्डरमधल्या ‘ॲपल’च्या आत ‘लॉकडाउन’ या फोल्डरात असते. ज्याच्याकडे ती फाइल, त्याला फोन ओळखीचा समजतो. तीस दिवस न वापरलेली जोडणी आपोआप संपते खरी. पण ज्या कॉम्प्युटरला फोन दर आठवड्याला लावला जातो, तिथे ती जिवंत राहते.

दोन्ही प्रकारच्या फोनांना लागू होणारी एक गोष्ट राहिली, अपडेट. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की बनावट चार्जर स्वतःला कीबोर्ड म्हणून जोडून घेऊन परवानगीच्या चौकटीवर तुमच्या वतीने ‘हो’ दाबू शकतो. हे ‘चॉइसजॅकिंग’. ॲपल आणि गूगल या दोघांनी नंतर उपाय केला, आता डेटाची परवानगी देताना पिन किंवा बोट मागितलं जातं. पण हा उपाय फक्त अपडेट झालेल्या फोनला मिळतो. त्यांच्या बहुतेक हल्ल्यांना फोन उघडा असावा लागतो. त्यामुळे चार्जिंगला लावलेला फोन लॉक ठेवायचा, हा नियम आजही पहिला.

बाहेर चार्जिंग करताना

सगळ्यात साधा आणि पुरेसा उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर, स्वतःची केबल आणि भिंतीतलं २३० व्होल्टचं प्लग-पॉइंट. प्लग-पॉइंटमधून डेटा येत नाही. रेल्वे स्थानक असो, गणेशपेठचं बस स्थानक असो किंवा विमानतळ, शेजारी-शेजारी यूएसबी पॉइंट आणि प्लग-पॉइंट दिसले तर अडॅप्टर काढा आणि प्लग-पॉइंट वापरा.

दुसरा उपाय पॉवर बँक. १०,००० एमएएचची एक बँक साधारण ५,००० एमएएचच्या फोनला दोनदा नाही, सव्वा ते दीड वेळा भरते. बँकेच्या आतली बॅटरी ३.७ व्होल्टची आणि बाहेर ५ व्होल्ट द्यायचे, त्यामुळे आकड्यातला बराच भाग त्या बदलात जातो. विमानात ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४. नेहमीची मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे दोन्ही चालतात. भाड्याने मिळणारी पॉवर बँक मात्र दुसऱ्याचाच चार्जर समजा.

तिसरी वेळ म्हणजे फक्त यूएसबी पॉइंटच आहे आणि बॅटरी ३ टक्क्यांवर आलीय. तेव्हा हा क्रम ठेवा.

आधी फोन लॉक करा. जमत असेल तर पूर्ण बंद करा. मग स्वतःची केबल लावा. पडद्यावर काही प्रश्न आला, म्हणजे ‘अलाऊ ॲक्सेस’, ‘ट्रस्ट’, ‘फाइल ट्रान्सफर’, ‘यूएसबी डीबगिंग’ यातलं काहीही, तर ‘नाही’ दाबून केबल लगेच काढा. नुसता चार्जर फोनला कधीच प्रश्न विचारत नाही. प्रश्न आला म्हणजे पलीकडे चार्जर नाही, कॉम्प्युटर आहे. ही एकच खूण पाठ असली तरी मोठं काम होतं.

बाजारात ‘डेटा ब्लॉकर’ नावाचा अंगठ्याएवढा तुकडा मिळतो, काही शे रुपयांत. तो विजेच्या पट्ट्या पुढे जोडतो आणि डेटाच्या पट्ट्या तोडतो. उपयोगी आहे, पण चार्जिंग हळू होतं, कारण चार्जर आणि फोन किती वीज घ्यायची हे बऱ्याच पद्धतींत डेटाच्याच तारांवर ठरवतात. बोलणं तुटलं की फोन सावधपणे कमी वीज घेतो. साध्या यूएसबी २ पॉइंटवर ती अर्ध्या ॲम्पिअरपर्यंत, म्हणजे अडीच वॉट. डेटाच्या दोन तारा आतून एकमेकींना जोडलेला ब्लॉकर असेल तर फोन त्याला चार्जर समजतो आणि दीड ॲम्पिअरपर्यंत घेऊ शकतो. ब्लॉकर किंवा ‘फक्त चार्जिंग’ केबल विकत घेतली की घरी तपासा: स्वतःच्या लॅपटॉपला फोन त्यातून लावा, फोन उघडा. चार्जिंगची खूण दिसली पाहिजे, पण लॅपटॉपवर फोन अजिबात दिसता कामा नये आणि फोनवर फाइलींचा प्रश्न येता कामा नये. प्रश्न आला तर तो तुकडा दुकानात परत करा.

केबल कोणाचीही मागून वापरू नये, हे ऐकायला अती वाटतं. ओ.एमजी नावाची एक केबल सुरक्षा-चाचणीसाठी खुली विकली जाते. दिसायला ती साध्या केबलसारखीच, पण पिनच्या आत वाय-फाय असलेली चिप असते आणि ती कीबोर्ड बनून आज्ञा टाइप करते. ती महाग आहे, नागपुरात बर्डीच्या बाजारात कोणी ती तुम्हाला गाठून देईल असं आम्हाला वाटत नाही. पण पत्रकार, वकील, कंपनीचे हिशोब सांभाळणारे यांनी बैठकीत समोरून सरकवलेली किंवा भेट म्हणून आलेली केबल वापरू नये.

चार्जर विजेच्या दृष्टीनेही खरा हवा

भारतात मोबाइलचे अडॅप्टर भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) सक्तीच्या नोंदणीत येतात. अडॅप्टरवर आयएस १३२५२ सारखा मानकाचा क्रमांक आणि त्याखाली ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये हा आर नंबर टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबर नसेल, किंवा नावच जुळत नसेल, तर घेऊ नका. बर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत कितीही स्वस्त मिळत असला तरी.

याचा सुरक्षेशी थेट संबंध आहे. स्वस्तातल्या चार्जरमध्ये विजेची गाळणी नीट नसते, तो कचरा फोनच्या काचेपर्यंत पोचतो आणि पडदा आपोआप दाबला जातो. चार्जिंगला असताना अक्षरं आपोआप टाइप होत असतील, ॲप उघडत असतील, तर परवानगीची चौकटसुद्धा अशीच दाबली जाऊ शकते. केबल काढल्यावर हे थांबत असेल तर दोष चार्जरचा, तो फेका. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरलाही धातूच्या फोनवर हाताला हलक्या मुंग्या आल्यासारखं वाटू शकतं. पण चांगला झटका बसला तर तो चार्जर पुन्हा लावू नका.

मे महिन्यात नागपूर ४५ च्या पुढे जातं तेव्हा फोन गाडीच्या हँडलवर उन्हात चार्जिंगला लावू नका. ॲपल आयफोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगतं. त्यापुढे फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो किंवा हळू करतो. चार्जर बिघडला असं समजून लोक तेव्हा शेजाऱ्याचा मागतात.

झेरॉक्सचं दुकान आणि सेवा केंद्र

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. जून-जुलैत प्रवेशाचे दिवस येतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, जातपडताळणी, गुणपत्रिका, आधार, सगळं फोनमध्ये असतं आणि प्रिंट हवी असते लगेच. दुकानात गर्दी असते, दुकानदार म्हणतो, “केबल लावा ना भाऊ,” किंवा “व्हॉट्सॲप वेब उघडून घ्या.” तो बिचारा रांग लवकर सरकावी म्हणून सांगत असतो. त्याच्या मनात काही नसलं तरी त्याच्या कॉम्प्युटरवर दिवसभर पन्नास लोकांचे पेन ड्राइव्ह लागलेले असतात आणि तिथे आत काय बसलंय हे त्यालाही ठाऊक नसतं.

केबल लावून ‘फाइल ट्रान्सफर’ दाबलं की काय उघडतं ते नेमकं समजून घ्या. बँकेच्या ॲपचा आतला डेटा या वाटेने दिसत नाही, तो अँड्रॉइड वेगळ्या, बंद भागात ठेवतो. पण कॅमेऱ्याचे सगळे फोटो, ‘डाउनलोड’ फोल्डर, स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपमध्ये आलेले सगळे फोटो आणि पीडीएफ दिसतात. म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आधार-पॅन, चेकचे फोटो, कोणीतरी फोटो काढून ठेवलेला एटीएमचा पिन. एक प्रिंट काढायला हे सगळं टेबलावर मांडायची गरज नाही.

व्हॉट्सॲप वेब तर त्याहून वाईट. तुम्ही क्यूआर स्कॅन केला की तो कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडला जातो, दुकानातून घरी आल्यावरही. फोन बंद असला तरी तो संदेश दाखवत राहतो. मुख्य फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर जोडणी तुटते, पण रोज फोन वापरणाऱ्याच्या बाबतीत ती वेळ येतच नाही.

मग प्रिंट काढायची कशी? आमची पसंती ‘ओटीजी’ पेन ड्राइव्हला आहे: एका बाजूला टाइप-सी, दुसऱ्या बाजूला जुनी चपटी पिन. १६ किंवा ३२ जीबीचा पुरतो. फोनला लावा, हवी ती एकच फाइल त्यात कॉपी करा, काढा आणि दुकानात म्हणा, “भाऊ, यातून काढून द्या, एकच फाइल आहे.” काम झालं की ड्राइव्ह परत फोनला लावून तिथेच फॉरमॅट करा. घरच्या विंडोज लॅपटॉपला आधी लावू नका. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ‘शॉर्टकट व्हायरस’ येण्याची खूप जुनी आणि अजून न गेलेली रीत आहे: तुमचं फोल्डर लपवलं जातं आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर येतो. त्यावर दोनदा क्लिक केलं की व्हायरस लॅपटॉपमध्ये. फोनला या विंडोजच्या फाइलींनी काही होत नाही, म्हणून फॉरमॅट फोनवर करायचं. फोनमधलं मेमरी कार्ड काढून दुकानाच्या कार्ड रीडरमध्ये लावलं तरी हेच घडतं.

ड्राइव्ह नसेल तर दुसरा मार्ग, दुकानाच्या नंबरवर फक्त ती फाइल पाठवणं. तुमचं खाते उघडं पडत नाही, एवढा फायदा. तोटा हा की फाइल त्यांच्या फोनवर आणि कॉम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहते. प्रिंट हातात पडल्यावर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा, आणि कॉम्प्युटरवरची प्रत शिफ्ट धरून डिलीट करायला सांगा, म्हणजे ती रीसायकल बिनमध्ये जात नाही. संकोच करू नका. चांगला दुकानदार हे हसत करतो.

आधारच्या बाबतीत एक खास गोष्ट. यूआयडीएआयच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष. त्यामुळे फाइल सुरक्षित आहे असं वाटतं. पण ज्या दुकानात तुम्ही फॉर्म भरताय तिथे तुमचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही समोर लिहिलेलं असतं. तो पासवर्ड तिथे काही उपयोगाचा नाही. जिथे चालतं तिथे ‘मास्क्ड’ आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. पूर्ण आधार लागत असेल तर एकदाच दहा प्रती काढून घरी ठेवा, दर वेळी फाइल घेऊन दुकानात जायला नको.

आयफोन दुकानाच्या कॉम्प्युटरला लावायचाच नाही. ‘ट्रस्ट’साठी पासकोड टाकला की फोटो उघडतात, आणि तो कॉम्प्युटर पूर्ण बॅकअप मागू शकतो. नव्या आवृत्तीत बॅकअप सुरू करताना पासकोड पुन्हा विचारला जातो. समोर दुसऱ्यांदा पासकोड मागणारी चौकट आली तर ती प्रिंटसाठी नाही, हे ओळखा.

कॉलेजची लॅब, ऑफिस

ॲप बनवायला शिकणाऱ्या मुलांना डीबगिंग चालू करावंच लागतं, ते टाळा म्हणून उपयोग नाही. पण लॅबच्या कॉम्प्युटरवर ‘ऑलवेज अलाऊ फ्रॉम धिस कॉम्प्युटर’ या चौकोनात खूण करू नका. परवानगीची चावी त्या कॉम्प्युटरच्या लॉगिनमध्ये साठवलेली असते, आणि लॅबमध्ये एकाच लॉगिनवर अख्खी बॅच बसते. तुम्ही दिलेली परवानगी त्या सगळ्यांना मिळते. तास संपला की डीबगिंग बंद, परवानग्या रद्द. शक्य असेल तर यासाठी घरातला जुना, सिम नसलेला फोन वापरा, किंवा कॉम्प्युटरवरचा एम्युलेटर, म्हणजे फोनची नक्कल करणारा प्रोग्रॅम.

ऑफिसच्या लॅपटॉपला फोन चार्जिंगला लावणाऱ्यांनी एवढंच बघावं की तो लॅपटॉप कंपनीचा आहे, तुमचा नाही. त्यावर कंपनीचं देखरेखीचं सॉफ्टवेअर असू शकतं. अडॅप्टर वापरा.

दुरुस्तीला फोन देताना

इथे केबलचा प्रश्न नंतर येतो, लॉकचा आधी. पडदा किंवा बॅटरी बदलायला पिन लागत नाही. पडदा बसवल्यावर टच तपासायला दुरुस्तीवाला लॉक स्क्रीनवर अंक दाबून बघू शकतो, किंवा तुम्ही समोर उभं राहून उघडून दाखवा. पिन कागदावर लिहून फोनच्या पाठीला चिकटवायची पद्धत फार चालते. ती मान्य करू नका.

फोन उघडा लागणारच असेल तर सॅमसंगमध्ये बॅटरीच्या सेटिंग्जखाली ‘मेंटेनन्स मोड’ आहे, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’. तो चालू केला की तंत्रज्ञाला रिकामा फोन दिसतो, तुमचे फोटो, संदेश, खाती दिसत नाहीत. बाहेर पडायला तुमचंच लॉक लागतं. अशी सोय नसलेल्या फोनचा बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट करूनच द्या. दोन्ही वेळा सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. सिम दुकानात राहिलं तर ओटीपी दुकानात येतात.

फोन परत आला की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडं आहे का, ते आधी बघा. मग ‘ॲप्स’मध्ये नवं काही आलंय का.

टॅक्सीत किंवा भाड्याच्या गाडीत पडद्याच्या शेजारचा यूएसबी पॉइंट हा गाडीच्या कॉम्प्युटरचा असतो. फोनवर ‘अँड्रॉइड ऑटो’ किंवा ‘कारप्ले’ विचारलं तर नाही म्हणा, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा चार्जर वापरा. ब्लूटूथ जोडलं असेल तर गाडीने तुमचे संपर्क उतरवून घेतलेले असू शकतात. उतरण्याआधी गाडीच्या यादीतून फोनचं नाव काढा आणि फोनमधून गाडीचं.

‘हो’ दाबून झालं असेल तर

केबल काढा. पैसे गेले असतील तर थेट पाचव्या मुद्द्यावर जा. नसतील तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने, कारण आधी वाट बंद करायची आणि नंतर आत काय आलंय ते शोधायचं.

१. अँड्रॉइडवर डीबगिंगच्या परवानग्या रद्द, डेव्हलपर ऑप्शन्स बंद. आयफोनवर ‘रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी’.

२. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. एका खात्याला फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात. ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव दाबून ‘लॉग आउट’ करा. नंतर गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हायसेस’ बघून तिथेही हेच. टेलिग्राम, इन्स्टाग्रामचीही अशीच यादी असते.

३. अँड्रॉइडवर ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी कोणत्या ॲप्सना आहे ते तपासा. पैसे चोरणाऱ्या ॲपला बहुतेक वेळा हीच परवानगी हवी असते, कारण तिच्या जोरावर ते पडदा वाचू शकतं आणि बटणं दाबू शकतं. मग ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’. अनोळखी ॲप तिथे असेल तर आधी त्याची परवानगी काढा, नंतरच ते काढता येईल. प्ले स्टोअरमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’चं स्कॅन चालवा.

४. असं ॲप खरंच सापडलं, तर नुसतं काढून थांबू नका. फोटोंचा बॅकअप घ्या आणि फॅक्टरी रीसेट करा. पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. त्याच फोनवरून बदलले तर नवे पासवर्डही तिकडेच जातील.

५. पैसे गेले असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आली तर परत मिळण्याची शक्यता असते, म्हणून इथे मिनिटं मोजली जातात. हाताशी ठेवा: व्यवहाराची वेळ, रक्कम, तुमचा खाते क्रमांक आणि यूपीआय असेल तर बारा अंकी यूटीआर नंबर. तो व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते, आणि नागपूर शहर पोलिसांचं सायबर पोलीस ठाणंही आहे. बँकेकडून तक्रार क्रमांक लेखी किंवा एसएमएसने घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा बाबतीत, बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भुर्दंड येत नाही. चूक तुमची असली तरी कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या माथी. म्हणून तक्रार किती वाजता केली हे त्या कागदावर किंवा एसएमएसवर दिसतंय ना, ते बघून घ्या.